गोळीवरचं मेण

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. कोणी शिकारीचा विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर हवापाण्याचं बोलायचो. मित्र जिवंत होता तोवर वाटायचं, आधी त्याला सांगावं, मग इतरांना. तो गेल्यावर वाटू लागलं, आता सांगून कोणाला काय मिळणार? या दोन्ही सबबीच होत्या. आता माझंही वय झालं आहे, आणि त्याच्याबद्दल आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून जे बोललं जातं ते खरं नाही. "शेवटी शेवटी हात कापायला लागला हो त्यांचा," असं लोक सहज म्हणतात. ज्या दिवसापासून ते हे धरतात, त्या दिवशी त्याचा हात कापला नव्हता. हे मला माहीत आहे आणि दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. लिहून झालं की पहिल्यांदा वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, वाचायला देणार आहे. मग त्यांनी दार लावून घेतलं तरी चालेल.

आम्ही दोघं सिंगापुरात, सेम्बावांगला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात नोकरीला होतो. तो मशीन शॉपचा इंजिनिअर, मी क्वालिटीत. तो सावंतवाडीकडचा, मी पुण्याचा. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये माझ्या डब्यातली भाजी चाखून तो म्हणाला होता, "गूळ घातलाय. म्हणजे पुणेकर." तेव्हापासून त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. लग्नं, मुलं, पीआर म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, फ्लॅट, निवृत्ती, सगळं आम्ही मागेपुढे केलं. तो वुडलँड्सला राहिला, मी यिशुनला.

त्याचा त्याच्या हातांवर फार विश्वास होता. यार्डात घासलेला शाफ्ट तपासायला आला की तो आधी बोट फिरवायचा, आपला अंदाज सांगायचा, आणि मग माप लावून स्वतःच्या बोटाची परीक्षा घ्यायचा. घरी दरवर्षी गणपतीच्या आधी स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरून शाडूच्या मूर्ती करायचा. एक त्याच्या घरची, एक आमची, आणखी काही ओळखीच्यांच्या. रंग वहिनी द्यायच्या. डोळे मात्र तोच काढायचा, सगळ्यात शेवटी. त्या वेळी घरात कोणी बोलायचं नाही, टीव्ही बंद, पंखासुद्धा बंद. सिंगापुरात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. ब्रश उचलला की तो श्वास धरायचा, आणि मूर्ती बघायला लागायची.

बंदुकीचं वेड त्याच्या लहानपणातलं. त्याच्या वडिलांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी बसवायची, गजाने ठासायची, मागे ठिणगी पाडणारी केप चढवायची. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. "म्हणून माणूस नेम धरायला शिकतो," तो म्हणायचा. "दुसरी गोळी आहेच, असं त्याला कधी वाटत नाही."

सिंगापुरात हे सगळं बोलण्यापुरतंच होतं. इथे खिशात रिकामं काडतूस सापडलं तरी माणूस अडचणीत येतो. पण त्याची मुलगी लग्न होऊन न्यूझीलंडला गेली, दक्षिण बेटावर. जावई मराठीच, गुरांचा डॉक्टर. तिथे डोंगरातली हरणं शेतकऱ्यांच्या कुरणांत उतरतात, चारा फस्त करतात, आणि त्यांची शिकार कायद्याने चालते. जावयाकडे परवाना होता. सासऱ्यांची हौस ऐकून त्याने ठासणीची एक रायफल मिळवली आणि आपल्या कपाटात कुलपात ठेवली. निवृत्तीनंतर मित्र वर्षातून दोनदा तिकडे जाऊ लागला. माझी पत्नी वारली तेव्हा मलाही घेऊन गेला. मी आढेवेढे घेतले तर म्हणाला, "घरात बसून भिंतींशी काय बोलणार आहेस? चल. निदान शिसं वितळवायला एक माणूस होईल."

मी शिकारी नाही. मला आवडायचं ते जावयाच्या शेडमधलं काम.

ठासणीच्या रायफलीचा एक खुराक असतो, असं तो म्हणायचा. दारू किती, गोळी कशी, तिला चोपडलेलं मेण कोणतं. हे जमलं की ती लागोपाठ एकाच जागी मारते, आणि एक जरी बिघडलं तरी कागदभर भोकं. तो खुराक शोधण्यात आम्ही तिकडचा अख्खा उन्हाळा घालवला. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जानेवारी-फेब्रुवारी.

शिसं मऊच लागतं. कडक शिशाची गोळी नळीतल्या आट्यांना धरत नाही. जावई भंगारवाल्याकडून जुन्या पाइपांचं शिसं आणायचा, आणि मित्र प्रत्येक तुकडा नखाने ओरखडून बघायचा. ओरखडा उठला तर घ्यायचा, नाही तर बाजूला. शेडची दोन्ही दारं उघडी टाकून मी पळीने शिसं साच्यात ओतायचो. साचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडायच्या, फार तापला तर अंगावर पांढरट झाक यायची. वाईट गोळ्या पुन्हा भांड्यात. दारू वजनावर नाही, मापाने भरायची. मर्यादेच्या बरंच आत सुरुवात करायची, तीन गोळ्या मारायच्या, कागद बदलायचा, माप किंचित वाढवायचं, पुन्हा तीन. प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्याने नळी पुसायची. भोकं हळूहळू जवळ येत जातात, आणि एका ठिकाणाहून पुढे परत पांगायला लागतात. तिथून एक पायरी मागे यायचं. तो आपला खुराक.

या सगळ्याला एकच नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की सांगायची. मला तो नियम शिकवावा लागला नाही. यार्डात माझं आयुष्य त्यातच गेलं होतं. मंजूर पद्धतीत कोणी न विचारता फेरफार केला की मी काम थांबवायचो. माझ्या नावाने वेल्डर बोटं मोडायचे.

मधल्या महिन्यांत आम्ही सेम्बावांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बसून पुढच्या वेळचे बेत करायचो. एकदा मी जरा मोठ्याने म्हणालो, "दारू थोडी कमी करून बघितली पाहिजे." शेजारच्या टेबलावरचे उत्तरेकडचे एक गृहस्थ कौतुकाने वळून म्हणाले, "बहुत अच्छा, अंकल. मैं भी सोच रहा हूँ." मित्राला इतकं हसू आलं की कोपी, म्हणजे इथली कॉफी, नाकात गेली.

आता मेणाबद्दल.

गोळीच्या अंगाला कड्यांसारख्या खाचा असतात, त्यांत वंगण भरायचं असतं. त्याने दारूची काजळी मऊ राहते आणि शिसं नळीला चिकटत नाही. जावयाचा शेजारी मधमाश्याही पाळायचा आणि गुरंही. मेण त्याचं, चरबीही त्याचीच. दोन्ही एकत्र वितळवायचं. ते भांडं ढवळायला मी नाही म्हणालो.

"आता काय झालं?"

"ती गाईची आहे."

त्याने पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "अरे, सत्तावन्नचं बंड होऊन गेलं. तू काय छावणीत उभा आहेस?"

"तू हस. माझ्याच्याने नाही होणार."

"हरीण मारायला चालतं, चरबी चालत नाही! वा रे पुणेकर. गोळी काय दाताने तोडायची आहे?"

"वास येतो रे. मळमळतं."

"बरं बाबा. तू शिसं ओत. चरबीचं पाप माझ्या माथी."

वास हे निमित्त होतं. माझी पत्नी वसुबारस मनापासून पाळायची. इथे गाय कुठून आणणार, म्हणून पाटावर तांदळाची गाय-वासरू काढायची आणि त्यांना कुंकू लावायची. तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या भांड्यावर वाकलो की मला ती रांगोळी दिसायची. हे मी त्याला सांगितलं असतं तर त्याने तो डबा त्याच क्षणी उचलून बाहेर ठेवला असता आणि दुसरं काही शोधून दिलं असतं. तसा तो होता. पण मला लाज वाटली. आणि मग त्याने स्वतः चरबी कालवली, गोळ्यांना लावली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीला तीन भोकं कोपीच्या कपाच्या तोंडात मावतील इतकी जवळ आली. तो कागद त्याने मुलीच्या फ्रीजवर लावला. वहिनी फोनवर म्हणाल्या, "नातवंडांची चित्रं लावतात तिथे, आणि यांचं बघा."

खरी शिकार मे महिन्यात ठरली होती, तिकडे थंडी पडल्यावर. ऐन वेळी वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मित्राला मागे राहावं लागलं, मी आठवडाभर आधी गेलो. चांगी विमानतळावर मला सोडायला आला होता, तिथे त्याने मला कोपराला धरून बाजूला घेतलं.

"गोळ्या तू ओत. मेण तूच लाव. चरबीला हात लावायचा नसेल तर हातमोजे घाल, जावयाला सांग, काय वाटेल ते कर. पण सगळं फेब्रुवारीसारखं. काही म्हणजे काही बदलू नकोस."

"मला सांगतोस होय हे?" मी म्हणालो.

"तुला सांगायची गरज नाही, म्हणून तर तुझ्यावर टाकतोय."

गोळ्या छान आल्या. एकही सुरकुती नाही. मग मी फ्रीजमधून चरबीचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि परत ठेवून दिला. माझ्या बॅगेत केसांना लावायची खोबरेलाची बाटली होती. मी मेण वितळवलं, अंदाजाने खोबरेल घातलं आणि ढवळलं. शेडमधली लाकडांची शेगडी धडधडत होती. मिश्रण लोण्यासारखं मऊ झालं, खाचांत सुरेख बसलं, आणि शेडभर घरचा वास सुटला. मला बरं वाटलं. तेलासारखं तेल, असं मी मनाशी म्हणालो. हरीण पडल्यावर त्याला सांगू, म्हणजे त्याचं हसणं बंद होईल, असंही मनात होतं.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला हवं होतं. थंडीत आमच्याकडे खोबरेल दगडासारखं थिजायचं. आई सकाळी बाटली उन्हात ठेवायची, आणि तरी शाळेची घाई असली की आम्ही काडीने कोरून काढायचो. पण सिंगापुरात इतकी वर्षं काढल्यावर खोबरेल थिजतं हेच मी विसरलो होतो. इथे ते बारा महिने पाण्यासारखं. न्यूझीलंडच्या त्या थंडीत मी ते हातात घेतलं, पण शेगडीपाशी बसून. बरेच लोक गोळीला असलं वंगण वापरतात, असं नंतर मी वाचलं. प्रमाण नीट काढलं असतं, उघड्यावर, गारठ्यात मारून पाहिलं असतं, तर कदाचित चाललंही असतं. मी काहीच पाहिलं नाही.

तो पोचला त्या संध्याकाळी पाऊस होता, त्यामुळे कागदावर बार काढून बघता आला नाही. त्याने डबा उघडून एक गोळी दिव्याखाली धरली.

"छान झाल्यात रे. जरा पांढऱ्या दिसतायत."

"यंदा शेजाऱ्याने मेण जास्त गाळलंय," मी म्हणालो.

"असेल." त्याने डबा मिटला. "तू केल्यात ना, मग बघायचं काय."

रात्री आभाळ मोकळं झालं आणि थंडी वाढली. रायफल जावयाच्या कुलपात होती, पण गोळ्यांचा डबा गाडीतच राहिला. सकाळी कुरणावर दहिवर गोठलेलं होतं. जावयाने दुसरी बंदूक आणू नये, असं मित्राने आदल्या दिवशीच बजावलं होतं. "मागे दुसरी गोळी उभी असली की पहिलीला कोणी मान देत नाही." जावई म्हणाला, "बाबा, समजा जखमी झालं तर?" त्यावर तो म्हणाला, "जखमी करायचं असेल तर मी जाणारच नाही. एका गोळीत जमणार नाही तो दिवस माझ्या बंदुकीचा शेवटचा." हे त्याने शपथ घेतल्यासारखं सांगितलं नाही. पोळी वाढून घेता घेता सांगितलं. पण तो असं काही बोलला की ते तसंच व्हायचं.

कुंपणापाशी त्याने बंदूक भरली. दारू ओतली. गोळी नळीच्या तोंडावर ठेवून अंगठ्याने दाबली. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती, तो नुसत्या बोटांनी काम करत होता. मी शेजारी उभा होतो. गोळी आत सरकताना तिच्या खाचांतलं, थिजून ठिसूळ झालेलं मेण सुटं झालं. कापराचा चुरा पडावा तसे पांढरे कण नळीच्या तोंडावर, त्याच्या हातमोज्यावर, खाली गवतावर पडले. त्याला दिसलं नाही. मला दिसलं, आणि काय झालं तेही त्याच क्षणी कळलं.

एवढा वेळ होता. मी "थांब" म्हणू शकलो असतो. मग ती गोळी जमिनीत झाडावी लागली असती, हरणं पळाली असती, सकाळ वाया गेली असती, आणि तो म्हणाला असता, "असं का झालं?" मला ते उत्तर द्यायचं नव्हतं. एका गोळीचं थोडं मेण निघालं तर काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. त्याने गजाने गोळी ठासली. मी हातमोजा काढून नळीचं तोंड पुसलं. त्याला वाटलं मी दहिवर पुसतोय.

हरीण मोठं नव्हतं. कुरणाच्या खालच्या टोकाला ओढ्याच्या बाजूने चरत आलं. मित्राने गुडघा टेकला, कुंपणाच्या खांबावर नळी ठेवली, केप चढवली आणि थांबला. हरीण तिरकं होतं. तो थांबून राहिला. ते पूर्ण आडवं उभं राहिलं तेव्हा त्याने श्वास धरला. गणपतीचे डोळे काढताना धरायचा तसाच. मी त्याच्या इतका जवळ होतो की त्याच्या बाहीची सुरकुती मला दिसत होती. तो हात दगडासारखा होता. हे मी कोणत्याही देवासमोर सांगेन.

बार झाला. धूर विरला तेव्हा हरीण पाठ वाकवून पळत होतं आणि त्याचा मागचा पाय फरफटत होता. गोळी खूप मागे लागली होती. त्याने घाईने पुन्हा दारू ओतली, दुसरी गोळी घातली. ती अर्ध्यात अडकली. आत काजळी खडखडीत वाळली होती, गज पुढे जाईना. तो सगळा भार टाकून दाबू लागला तेव्हा जावयाने त्याचा हात धरला. "बाबा, नको. फुटेल." तोवर हरीण काटेरी झुडपांत शिरलं होतं.

आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं. दहिवरावर रक्त होतं, मग दहिवर वितळलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या कुत्र्याने ते काढलं, ओढ्याच्या काठी. पाण्याकडे तोंड करून पडलं होतं. शेजारी म्हातारा, फारसा बोलणारा नाही. त्याने हरणाच्या अंगाला हात लावला आणि म्हणाला, फार वेळ झालेला नाही. म्हणजे ते रात्रभर जिवंत होतं.

मित्र त्याच्याजवळ ओल्या दगडांवर बसला. मग उजवा हात समोर धरून बघत म्हणाला, "हलला रे."

"नाही हलला."

"हलला. मला कळलं नाही, पण हलला. वंगण तेच, दारू तीच, गोळ्या तू केलेल्या. मग दुसरं काय उरतं?"

तो इंजिनिअर होता. एक एक कारण बाजूला सारत शेवटी जे उरतं त्यावर बोट ठेवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. माझ्यावर भरवसा होता म्हणून त्याने सगळ्यात आधी मलाच बाजूला सारलं.

त्या दुपारी तो झोपला होता तेव्हा मी जावयाला म्हणालो, मला जरा कागदावर बार काढायचेत, तू थांब माझ्याबरोबर. त्याने अडकलेली गोळी काढून नळी स्वच्छ केली होती. उरलेल्या गोळ्या मी गारठ्यात ठेवल्या होत्या. तीन मारल्या. एक कागदाच्या बाहेर गेली, दोन दोन टोकांना. मग मी शेडमध्ये गेलो, फ्रीजमधला डबा काढला, त्याच्या मेण-चरबीचं मिश्रण केलं आणि कोऱ्या गोळ्यांना लावलं. हातमोजे न घालता, माझ्या बोटांनी. बाहेर येऊन तीन मारल्या. तिन्ही एकात एक.

जावयाने दुर्बीण खाली घेतली. "काका, आधीच्या तीनला काय झालं?"

"डोळे गेलेत बाबा माझे," मी म्हणालो. "मग चष्मा पुसला."

तो हसला. मी दोन्ही कागद शेगडीत घातले.

त्याच संध्याकाळी त्याला सांगता आलं असतं. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता, हात पालथा ठेवून, बोटं पसरून. मुलगी म्हणाली, "बाबा, काय बघताय?" तो म्हणाला, "काही नाही गं." मी समोर बसलो होतो आणि आमटी पीत होतो.

सिंगापूरला परत आल्यावर तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी त्याला हात पुढे धरायला लावले, रेषा काढायला लावल्या, आणि वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. रायफल जावयाने कोणाला तरी देऊन टाकली. ते मला सोसलं असतं. पण त्या वर्षी गणपतीच्या आधी वहिनींचा फोन आला. "भावजी, तुम्ही या हो. माती आणून ठेवलीये आणि हात लावत नाहीयेत. तुमचं ऐकतील."

गेलो. तो बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"वहिनी म्हणाल्या, मूर्ती करणार नाहीस."

"नाही."

"अरे, डॉक्टर म्हणाले ना, काही नाही म्हणून?"

"डॉक्टर तिथे होता का? तू होतास. तू बघितलंस ते हरीण." त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "हलत्या हाताने देवाचे डोळे काढू? तिरळा झाला तर दहा दिवस त्याच्यासमोर उभा राहू कसा? बोल की पुणेकर."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. स्वयंपाकघरात वहिनी भांडी वाजवत नव्हत्या, म्हणजे ऐकत होत्या. त्यांच्यासमोर, त्यांच्या घरात, मी म्हणालो, "मग यंदा लिटल इंडियातून आणू या. मी घेऊन येतो दोघांच्या."

आणि मी खरोखरच घेऊन आलो. सुबक होत्या, साच्यातल्या. त्याने आपल्या मूर्तीकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "डोळे बरे आहेत."

पुढच्या काही वर्षांत त्याने एकेक गोष्ट सोडली. घरात खिळा मारायचा असला की सिंगापुरातच राहणाऱ्या मुलाची वाट बघायचा. चहा अर्धा कपच घ्यायचा, सांडू नये म्हणून. यार्डातल्या जुन्या लोकांच्या भेटीला गेलो तर हात खिशात ठेवायचा. लोक म्हणू लागले, हात कापतो त्यांचा, म्हणून खिशात ठेवतात. कदाचित पुढे थोडा कापतही असेल. न वापरलेल्या, रोज संशयाने बघितलेल्या हाताचं काय होतं, मला माहीत नाही. सुरुवात कुठून झाली ते माहीत आहे.

तो आजारी पडला तो फुप्फुसाने, हाताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. शेवटी हॉस्पिटलने घरी पाठवलं. मुलगी न्यूझीलंडहून येऊन राहिली. तिने मला फोन केला, "काका, आता वेळ फार नाहीये. बाबा तुमची आठवण काढतात."

यिशुनहून वुडलँड्सला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जायला कितीसा वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी वाक्यं जुळवली. लांबवायचं नाही, कारणं द्यायची नाहीत, बायकोची आठवण वगैरे मध्ये आणायची नाही. आधी हाताचं सांगायचं, मग मेणाचं, मग माफी. कॅनबेरा स्टेशन गेलं, सेम्बावांग गेलं, मी ओठ हलवत होतो. समोरच्या शाळेच्या मुलीने आपल्या मैत्रिणीला कोपर मारलं.

तो खिडकीजवळच्या पलंगावर होता. नाकाला ऑक्सिजन. मुलगी खुर्ची देऊन बाहेर गेली. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"ये पुणेकर," तो म्हणाला. मग दम घेऊन, "बरं झालं आलास. एक बोलायचं होतं."

"आधी मला बोलायचं आहे."

"थांब. मला दम पुरत नाही, मी आधी." त्याने माझं मनगट धरलं. "तेव्हा तू आठवडाभर एकटा त्या शेडमध्ये बसलास. चरबीला शिवणार नाही म्हणणारा माणूस, माझ्यासाठी शिवलास. एवढं मन लावून गोळ्या केल्यास. आणि मी ते सगळं वाया घालवलं. त्या जनावराचे हाल केले. तू कधी एका शब्दाने बोलला नाहीस. हे माझ्या मनात राहिलंय रे. माफ कर."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. माझ्या मनगटावर तो अगदी स्थिर होता.

"असू दे रे," मी म्हणालो. "असं काय बोलतोस."

त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आता बोललो तर ते परत चढेल, असं मला वाटलं, आणि तीही सबबच होती. मी त्याची उशी सारखी केली. मुलगी चहा घेऊन आली. "तुम्हाला काय सांगायचं होतं काका?" तिने दारातून ऐकलं असावं. "काही नाही," मी म्हणालो, "उद्या येतो." दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो कोणाला ओळखत नव्हता.

म्हणजे त्याने माफी मागितली आणि मी दिली. मला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं: तुझा हात हलला नव्हता. मी चरबीला शिवलो नाही, मेणात खोबरेल घातलं, तुला सांगितलं नाही. नळीच्या तोंडाशी ते गळताना बघितलं, तरी सांगितलं नाही, आणि नंतर इतकी वर्षंही नाही. मला माफ कर.